वाकळेचं पोट

गोधडीचं कौतुक होतं ते तिच्या तोंडाचं. प्रदर्शनात ती भिंतीवर टांगलेली असते, वरून दिवा सोडलेला असतो आणि लोक ठिगळांचे रंग पाहून माना डोलावतात. कुणी जवळ जाऊन टाके न्याहाळतं. एखादी धीट बाई कोपरा उलटून अस्तर बघते. आत काय भरलंय हे विचारताना मात्र मी क्वचितच कुणाला ऐकलंय. ज्या बायकांनी जन्मभर वाकळा शिवल्या, त्यांच्या हातात दुसरीची वाकळ आली की त्या आधी कड चिमटीत धरतात, अंगठ्याने चोळतात आणि विचारतात, "पोटात काय घातलंया?"

माझी आत्या अशांपैकी. कऱ्हाडकडच्या आमच्या गावात गोधडीला वाकळच म्हणतात. आत्याच्या मते वाकळेचं तोंड कुणीही शिवेल. "चार रंगाची फडकी जोडली की झालं त्वांड," असं ती म्हणायची. अक्कल लागते ती पोटाला, कारण तिथली चूक दिसत नाही आणि दिसते तेव्हा वाकळ उसवल्याशिवाय इलाज नसतो.

उन्हाळ्यात, सुगी उरकलेली असायची आणि वळवाला अवकाश असायचा, तेव्हा माळ्यावरची बोचकी खाली यायची. घरातल्यांच्या अंगावरून उतरलेलं सगळं त्यांत असे: लुगडी, धोतरं, पंचे, सदरे, परकर, झबली, विरलेल्या चादरी. आत्या सोप्यात फतकल मारून निवड करायला बसायची. फाटकं आणि धड अशी ती निवड नसे, कारण तिथे सगळंच फाटकं. कापडात अजून किती जीव आहे हे ती बघायची. दोन्ही मुठींत धरून ताणायची. लगेच टर्रकन गेलं तर ते पोटातही चालत नाही, दोन धुण्यांत त्याचा भुगा होतो आणि वाकळेत तिथे पोकळी राहते. ताणल्यावर जरासं कुरकुरलं पण टिकलं, तर ते पोटाचं. काहीच झालं नाही, तर तोंडाचं किंवा अस्तराचं, कारण घासणं, ओढणं, पायाखाली येणं हे सगळं बाहेरच्या कापडालाच सोसायचं असतं.

मग कात्री चालायची. बटणं, हुक, कॉलर, जाड शिवणी, खिशांचे कोपरे बाहेर. सदऱ्याच्या बाह्या उकलून सपाट करायच्या. लुगड्याचे काठ कापून वेगळे ठेवायचे. काठ जाड असतो, पोटात राहिला तर तिथे सुई अडते आणि अंगाला वळ टोचत राहतो. तोच काठ नंतर वाकळेला गोटासारखा चारी बाजूंनी लागायचा. पंचे पोटात घालायला ती नाखूश असे. पंचा पाणी फार पितो, धुतल्यावर दोन दिवस वाळत नाही आणि आतून आंबूस वास धरतो. बनियन चालायचं, पण मागावरच्या कापडाच्या दोन थरांच्या मधे. वरच्या बाजूला आलं तर ते ओढलं जातं आणि टाका तिरपा पळतो. आणि लहान तुकडे तसेच भरायचे नाहीत. ते आधी एखाद्या सलग थरावर टाचून घ्यायचे, नाहीतर पहिल्याच धुण्यात सगळं एका कोपऱ्यात गोळा होतं. अशी गोळा झालेली वाकळ मी पांघरलेली आहे. पायांशी गठ्ठा आणि छातीवर नुसतंच कापड.

या सगळ्यांत राणी म्हणजे जुनं नऊवारी सुती लुगडं. त्याचा हिशेब इतका सोयीचा आहे की कुणी वाकळेसाठीच ते विणलं असावं असं वाटतं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. त्याच्या चार घड्या घातल्या की साधारण दोन मीटर लांबीचे चार थर मिळतात, आणि पन्ह्याची रुंदी एका माणसाच्या पांघरुणाला पुरते. एका लुगड्यात एकट्याच्या वाकळेचं पोट न कापता, न जोडता तयार. दोघांची करायची तर दोन लुगडी शेजारी जोडायची. आत्या सलग लुगडं कधी फाडत नसे. तुकड्यांची वाकळ गरजेपोटी करायची, लुगड्याची हौसेने.

धोतराचं पोट त्याहून मऊ, पण ते मोठ्यांच्या वाट्याला येत नसे. तान्ह्या पोराची दुपटी करायला धोतर राखून ठेवलेलं असायचं, आणि घरात कुणाला दिवस गेले की म्हाताऱ्यांच्या धोतरांवर बायकांची नजर जाई. आजोबांना हे ठाऊक होतं. एक धोतर पुरतं विरायच्या आत वाळत घातलेलं नाहीसं झालं म्हणून त्यांनी केलेला आरडाओरडा आमच्या घरात अजून सांगितला जातो. धोतर तेव्हा आजीच्या मांडीखाली होतं, दुमडून, टाचून, अर्धं दुपटं होऊन.

हे जुनं कापडच का, नवं का नाही, याला गरिबी हे एक उत्तर आहे आणि ते खरं आहे. पण तेवढंच नाही. नवं सुती कापड पहिल्या काही धुण्यांत आटतं. आतला थर आटला आणि बाहेरचा नाही आटला, की वाकळेवर सुरकुत्या धरतात, टाके ताणले जातात, कड वाकडी होते. जुन्याचं जे आटायचं ते आटून झालेलं असतं, रंग जायचा तो गेलेला असतो, आणि खळ केव्हाच धुऊन निघालेली असते. खळ राहिली तर कसर लागते. शिवाय वर्षानुवर्षं धुतलेल्या सुताची लव सुटते, धाग्यांतून बारीक तंतू वर येतात आणि दोन थरांच्या मधे हवा धरून ठेवतात. वाकळेची ऊब खरं तर त्या अडकलेल्या हवेची. स्थिर हवेतून उष्णता फार हळू जाते. कापडाचं काम तिला हलू न देणं. धावदोऱ्याच्या ओळी जवळजवळ घातल्या की हवेचे लहान लहान कप्पे होतात आणि थरही जागचे हलत नाहीत. फारच दाट घातल्या तर थर दबून हवा उरत नाही, आणि वाकळ जड असूनही गार लागते. आत्याला हवेचं शास्त्र कुणी सांगितलं नव्हतं. ती दोन ओळींत आडवं बोट ठेवायची, एवढंच.

पिंजलेल्या कापसाच्या गादी-रजईपेक्षा वाकळ इथे वरचढ ठरते. कापूस धुता येत नाही, दबतो, सरकतो, आणि दोन-चार वर्षांनी पिंजाऱ्याला बोलवावं लागतं. त्याच्या धनुकलीचा टणत्कार आमच्या आळीत ऐकू यायचा तो बऱ्या घरांपुढे. वाकळ मात्र नदीवर नेऊन आपटता येते. नवरात्राच्या आधी आमच्याकडे 'दसरा काढतात', म्हणजे घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढतात, आणि त्या दिवसांत कृष्णेचा काठ वाकळांनी झाकलेला असे. ओल्या वाकळेचं वजन एकीला पेलत नाही. दोन टोकांना दोघी उभ्या राहून उलट्या दिशांनी पिळतात, आणि घरात भांडण चालू असलेल्या जावांनाही त्या दिवशी समोरासमोर उभं राहावं लागतं. पोट चांगलं भरलंय की नाही याची खरी परीक्षा तीच. पिळताना आतलं कापड तडकलं तर हाताला कळतं.

मग ही वाकळ गेली कुठे? सोलापुरी चादर स्वस्त झाली, ब्लँकेट आलं, शिवायला वेळ राहिला नाही, ही कारणं सगळेच सांगतात. माझा संशय दुसऱ्यावर आहे. वाकळ गेली ती पोटात घालायला कापड उरलं नाही म्हणून.

१८ जानेवारी १९८२ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. गिरण्या पुढे कधीच पहिल्यासारख्या उभ्या राहिल्या नाहीत. त्याच सुमाराच्या आगेमागे गावोगावच्या बाजारांत सुरतेची सिंथेटिक साडी येऊन बसली होती. स्वस्त, इस्त्री नको, खळ नको, पावसाळ्यात आढ्याला टांगली की सकाळी वाळलेली. चिखलात भांगलण करणाऱ्या बाईला याहून मोठी सोय दुसरी नव्हती, आणि आज त्या साडीला नाकं मुरडणाऱ्यांनी श्रावणात ओलं सुती लुगडं नेसून एक दिवस रानात काढून बघावा. आत्यानेही आनंदाने नेसली. फक्त दहा-बारा वर्षांनी बोचकं सोडलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की या साड्या मरतच नाहीत. विरत नाहीत, मऊ पडत नाहीत, पहिल्या दिवशी जशा तशाच शेवटच्या. धागा निसटतो, रंग विटतो, पण लव काही सुटत नाही. अशा साड्या घालून तिने एक वाकळ शिवली. टाका घातला की थर एकमेकांवरून घसरायचे, आणि शिवून झाल्यावर पांघरली तर आत घाम आणि बाहेर थंडी. कारण साधं आहे. नेहमीच्या हवेत १०० ग्रॅम कोरडा कापूस साधारण ८.५ ग्रॅम ओलावा शोषून धरतो. पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही धरत नाही. अंगाची वाफ जायला वाटच नसते.

तेव्हापासून आत्याच्या निवडीत काडेपेटी आली. शंका आली की धागा ओढायचा आणि पेटवायचा. कागदासारखा वास येऊन राख झाली तर सुती. आक्रसून काळा, टणक मणी झाला तर बाजूला. टेरिकॉटने मात्र घोळ केला, कारण त्यात दोन्ही मिसळलेलं. त्याची राखही होते आणि मणीही. शाळेच्या गणवेशांचा ढीग अशा अर्धवट निकालावर कितीतरी दिवस पडून होता.

बाजूला टाकलेलं सगळं बोहारणीकडे जायचं. तिच्याशी घासाघीस हा आमच्या वाड्यातला करमणुकीचा भाग होता. ती सुती जुनेरं हातात घेऊन तोंड वाकडं करायची आणि जरीची किंवा सिंथेटिक साडी दिसली की स्टीलचं पातेलं पुढे सरकवायची, कारण तिच्या बाजारात अजून नेसता येईल त्याला किंमत. आत्याचा हिशेब बरोबर उलटा. त्यामुळे दोघींचं छान जमे. एकीला जे नको ते दुसरीला हवं.

वाकळेबद्दल लिहिताना मराठीत एक ओलावा आपोआप येतो: आईची माया, आजीचा वास, लुगड्याची ऊब. मलाही तो येतो, नाही म्हणत नाही. पण वाकळ ज्या घरांतून आली त्या घरांत ढेकूण होते, खरूज होती, आणि एका वाकळेखाली चार पोरं होती. आणि कुणाचं कापड कुणाच्या पोटात जातं यालाही गावाचे नियम होते. आमच्या आजीची लुगडी ती गेल्यावर वाकळेत गेली. तिच्या अंगावर शेवटी घातलेलं कापड गेलं नाही. ते गावकुसाबाहेर जायचं. मढ्यावरचं कापड महारकीच्या 'हक्कां'त मोडत असे, आणि ज्या घरांना वर्षाचं नवं कापड मिळण्याची शक्यता नव्हती तिथे तेच अंगावर यायचं, मग अंथरुणात जायचं. महार वतनं १९५८च्या कायद्याने संपली, आंबेडकरी चळवळीने तर त्याआधीच ते ओझं फेकायला सांगितलं होतं. तरी वाकळेला सरसकट माया म्हणताना हे आठवतं, आणि मग मी तो शब्द जपून वापरते.

वाकळेची भावंडं दूरदूर पसरलेली आहेत. बंगालच्या कांथ्यात तर वेगळं भरण नसतंच, झिजलेल्या साड्या-धोतरांचे थर हेच सगळं, आणि नक्षीसाठीचा रंगीत दोराही जुन्या साडीच्या काठातून उसवून काढलेला. आपल्याला अधिक जवळचे म्हणजे उत्तर कन्नडमधले सिद्दी. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या जंगलपट्ट्यात राहणारे हे आफ्रिकी वंशाचे लोक; पोर्तुगीजांच्या गोव्यातून निसटलेल्या गुलामांचे वंशज त्यांच्यात आहेत, आणि त्यांची बोली कोकणीला लागून आहे, तिच्यात मराठीही मिसळलेली. त्यांच्या बायका 'कवंदी' शिवतात. जुन्या साडीच्या अस्तरावर कडेपासून सुरुवात करून, तुकडे दुमडून टाचत, चारी बाजूंनी फिरत फिरत त्या मध्यापर्यंत पोचतात. शेवटी चार कोपऱ्यांना घडी घातलेले छोटे त्रिकोणी तुकडे बसवतात, त्यांना 'फूल' म्हणतात. फुलांशिवाय कवंदी उघडी वाटते, असं त्या मानतात. इथे ठिगळंच थर होतात, तोंड आणि पोट असे दोन भाग वेगळे काढता येत नाहीत. आत्याला मी हे सांगितलं तेव्हा तिने बराच वेळ विचार करून मान्य केलं की असंही चालेल, पण कोपऱ्यांना सुई जड जात असणार.

हीच गोष्ट यंत्राने करायची तर पानिपतला जावं. परदेशातून आलेले जुने लोकरी कपडे तिथे फाडून, पिंजून, पुन्हा कातून त्यांची स्वस्त ब्लँकेटं होतात. भूकंप-पुरात वाटली जाणारी राखाडी ब्लँकेटं पुष्कळदा तिथलीच. ही विद्या मूळची इंग्लंडातल्या यॉर्कशायरची. बॅटली गावच्या बेंजामिन लॉने १८१३च्या सुमारास लोकरीच्या चिंध्या पिंजून नव्या लोकरीत मिसळायची युक्ती काढली. फरक असा, की तिथे कापड आधी पुरतं मोडावं लागतं. वाकळेत लुगडं लुगडंच राहतं. उसवलं तर वीस वर्षांनीही इरकली पदराचा लाल रंग ओळखू येतो, उन्हापासून लपलेला असल्यामुळे वरच्या ठिगळांपेक्षा ताजाच.

माझ्या भाच्याच्या बायकोने, म्हणजे आमच्या घरातल्या सर्वांत नव्या सुनेने, गेल्या हिवाळ्यात वाकळ शिवायचं मनावर घेतलं. पुण्यात राहते, नोकरी करते, सुई आधी कधी फारशी धरलेली नाही. बाजारात गोधडी म्हणून मिळतं त्यात पोटात पॉलिएस्टरचा फुगीर थर असतो, वर छापील ठिगळं, म्हणजे ठिगळांचं नुसतं चित्र. तिला ते नको होतं. पण तिच्या कपाटात घालण्यासारखं काय होतं? तिच्या साड्या सिल्कच्या आणि शिफॉनच्या, त्याही आठ-दहा, नवऱ्याच्या जीन्स, आणि ताणणारे टीशर्ट. सुती म्हणाव्यात अशा दोन चादरी, काही ओढण्या, एक जुना कुर्ता. एवढ्यात एकट्याचंही पोट भरत नाही. मग तिने सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, जुन्या सुती चादरी असतील तर हव्यात, गोधडीत घालायला.

ही बातमी आत्याला पोचली तेव्हा ती अस्वस्थ झाली. "परक्याचं कापड पोटात? कुणाचं काय, कुणी कशात घातलेलं!" मी तिला म्हटलं, उकळून घेईल ती. आत्या म्हणाली, उकळून सगळं जातं असं न्हाय. यात स्वच्छता किती आणि जात किती, हे मी ओळखते, तीही ओळखते, आणि आम्ही दोघी त्यावर सहसा बोलत नाही. त्या दिवशी बोललो. तिला आठवण करून दिली की आमच्या घरच्या कितीतरी वाकळा मोलाने शिवणाऱ्या बायकांनी शिवल्या आणि उरलेली फडकी त्या घेऊन गेल्या. आमचं कापड परक्याच्या पोटात जाताना आम्ही कधी विचारलं नाही. आत्या गप्प झाली. पटलं म्हणून की कंटाळली म्हणून, सांगता येत नाही.

पुण्यात चादरी येत राहिल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या लखनौच्या कुटुंबाने एक दिली, कुणी मुलांच्या पलंगाच्या कार्टूनवाल्या दिल्या. एका बंगाली बाईंनी आपल्या सासूची तांताची साडी दिली आणि वर बजावलं की कापू नका, घडी घालून घाला. सूनबाईने सगळं भिजवून, उन्हात वाळवून, हॉलमधलं टीपॉय सरकवून फरशीवर थर मांडले, कोपऱ्यांवर पाण्याच्या बाटल्या ठेवल्या आणि मोठ्या मोठ्या कच्च्या टाक्यांनी टाचून घेतलं. धावदोरा अर्थातच वाकडातिकडा. सुट्टीच्या दिवशी भाचाही बसायचा एका कडेला, आणि त्याचे टाके तिच्यापेक्षा सरळ निघाले, याचा तिला राग आला.

संक्रांतीला ते दोघं वाकळ घेऊन गावी गेले. शेवटचा कोपरा मुद्दाम उघडा ठेवला होता, कारण आत्या तो शिवायच्या आधी आत भाकरीचा तुकडा घालते, वाकळ उपाशी राहू नये म्हणून. उंदीर येतील म्हणून नखाएवढाच. आत्याने चष्मा लावला. तोंडाकडे नजर टाकली, कार्टूनवाल्या चादरीच्या पट्ट्या वर आल्या होत्या त्या पाहून काहीच बोलली नाही. मग कड चिमटीत धरली आणि अंगठ्याने चोळत चारी बाजूंनी फिरली. एका ठिकाणी थांबली. पुन्हा चोळलं.

"मदी कायतरी न्हायलान हाय," ती म्हणाली.

सूनबाईने नवऱ्याकडे पाहिलं. भाच्याने जमिनीकडे. एक थर कमी पडत होता आणि त्याने तो आपल्या खोलीच्या जुन्या पडद्याने भागवला होता.

"काडेपेटी आण," आत्या म्हणाली, "आन् कात्री. भाकरी मागनं घालू."